विकतचे भय

रसांच्या आपल्या चर्चेत भयानकाची नेहमीच आबाळ झाली आहे. शृंगार आणि करुण यांना पानेच्या पाने मिळतात. भक्ती आणि वात्सल्य यांच्यासाठी रसांच्या पंक्तीत पाट मांडावा की नाही यावर आपल्याकडे मोठमोठे वाद झाले. भयानकाची मात्र एका परिच्छेदात बोळवण करून ग्रंथकार पुढे सरकतात. भरताने त्याचा रंग काळा आणि देवता काल सांगितली, एवढे पाठ केले की परीक्षेपुरते भागते. मराठीत भय लिहिणारे नव्हते असे मुळीच नाही. नारायण धारपांच्या कथांत बाहेरची एखादी शक्ती चारचौघांसारख्या माणसाच्या घरात शिरते. रत्नाकर मतकरींच्या गूढकथांत ती पुष्कळदा माणसाच्या मनातच आधीपासून मुक्काम ठोकून असते. दोघांनाही वाचक उदंड मिळाले, टीकाकार थोडे.

पण हा लेख त्यांच्याविषयी नाही. आज भयाचा मोठा व्यापार पुस्तकांत चालत नाही. तो चालतो मनोरंजन-उद्यानांत: शहराबाहेरच्या त्या रंगीत कमानींच्या आत, जिथे आई, बाप, दोन मुले आणि सोबत आलेली आत्या असे अख्खे कुटुंब सकाळी दारात पैसे मोजते आणि संध्याकाळपर्यंत घाबरून घेते. नाटकाचे परीक्षण होते, चित्रपटाचे होते, कुठल्याशा हॉटेलातल्या मिसळीचेसुद्धा होते. मग या भयाचे का होऊ नये? तेही कुणीतरी रचलेले असते, त्यालाही आरंभ, मध्य आणि शेवट असतो, आणि ते फसते तेव्हा वाईट नाटकापेक्षा जास्त काळ लक्षात राहते.

माझ्या डोक्यात हा विषय आला तो शाळेच्या वह्यांमुळे. परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी मराठी शिकवतो. कादंबऱ्या लिहितो त्या रात्री. नववीच्या मुलांना ‘माझी अविस्मरणीय सहल’ हा निबंध घातला होता. पूर्वी या विषयावर वेरूळ, औंढा नागनाथ, पैठणचे धरण असे ठरलेले मुक्काम येत. आता निम्म्या वह्यांत मुंबई-पुण्याकडची, नाहीतर हैदराबादकडची उद्याने येतात. कुणी मामाकडे गेलेला असतो, कुणाला शाळेच्या सहलीने नेलेले असते. आरंभ सर्वांचा सारखा. पहाटे उठलो, आईने धपाटे बांधून दिले, देवगिरी एक्स्प्रेसला पाय ठेवायला जागा नव्हती. शेवटही सारखा. ‘आम्ही खूप मजा केली’ हे वाक्य सरकारी शिक्क्यासारखे खाली उमटलेले. पण मधे कुठेतरी, शुद्धलेखनाचा तोल सुटतो त्या ठिकाणी, एखादे खरे वाक्य निसटून गेलेले असते.

एका मुलाने लिहिले होते: पाळणा वर थांबला तेव्हा मला खाली बाबा दिसत होते, ते फोनवर बोलत होते. एका मुलीने लिहिले: मी नको नको म्हणत होते पण पप्पा म्हणाले पैसे भरलेत. दुसरीचा धाकटा भाऊ लाटांच्या कुंडाजवळ अर्धा तास सापडेना. त्या अर्ध्या तासाबद्दल तिने एवढेच लिहिले की तिथले गाणे मात्र चालूच होते. आणखी एकाचा मजकूर असा, की उंचावरून गाडी खाली येताना यंत्राने सगळ्यांचे फोटो काढले, त्यात मी रडत होतो, बाहेर पडद्यावर तो दाखवला तेव्हा लोक हसले, मग काकांनी तो विकत घेतला आणि आता तो आमच्या टीव्हीवर ठेवलेला आहे.

या वाक्यांकडे वाङ्मय म्हणून पाहिले तर एक गोष्ट लगेच ध्यानात येते. ज्या वस्तू भिववण्यासाठी मुद्दाम बांधल्या, त्यांतल्या एकीलाही कुणी भ्यालेले नाही. भूतबंगला, अजस्र माकड, नव्वद अंशांत कोसळणारा रूळ हे सगळे निबंधांत येते, पण विशेषणांच्या कपड्यांत येते: ‘भयानक’, ‘थरारक’, ‘अंगावर काटा आणणारे’. ही विशेषणे जाहिरातीतून उचललेली. मुलांचे स्वतःचे शब्द सुरू होतात ते दुसऱ्याच ठिकाणी. बाबांच्या फोनपाशी, न थांबणाऱ्या गाण्यापाशी, टीव्हीवरच्या फोटोपाशी.

आता भरताकडे जाऊ. संस्कृत मी र. पं. कंगल्यांच्या ‘रस-भाव-विचारा’ची काठी टेकतच वाचतो, तेव्हा पंडितांनी सांभाळून घ्यावे. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात भयानकाचे विभाव दिले आहेत. विकृत आवाज, पिशाचांचे दर्शन, कोल्ह्याघुबडांमुळे उडणारी घाबरगुंडी, ओसाड घर, अरण्य. ही यादी वाचताना मला हसू आले, कारण कुठल्याही उद्यानातला भूतबंगला बांधणाऱ्या कंत्राटदाराने ती समोर ठेवूनच सामान भरले असावे असे वाटते. घुबड आहे, ओसाड वाडा आहे, ध्वनिक्षेपकातून कोल्हेकुई आहे. पण भरताच्या यादीत आणखी एक कलम आहे: स्वजनांचा वध किंवा बंधन पाहणे, ऐकणे, त्याची कथा कानी येणे. आपल्या माणसावर काही बेतणे. हे एक कलम कंत्राटदाराला बांधता येत नाही. ते कुटुंब येताना बरोबर घेऊन येते, आणि मुलांच्या वह्यांत जे भय उतरले आहे ते जवळजवळ सगळे याच कलमाखालचे आहे. फरक एवढाच की तिथे आपल्या माणसावर बेतते, इथे कधीकधी आपले माणूसच बेतवते.

फोटोचे तर विशेषच. भयाचे अनुभाव भरताने मोजून दिले आहेत: हातापायांचा कंप, डोळ्यांची चंचलता, रोमांच, चेहऱ्याचा उडालेला रंग, बदललेला स्वर. नट हे अभिनयाने दाखवतो. उद्यान ते यंत्राने खऱ्या चेहऱ्यावरून टिपते, चौकटीत बसवते आणि बाहेरच्या खिडकीवर ज्याचे त्यालाच विकते. जगाच्या कुठल्या रंगभूमीने प्रेक्षकाला त्याचाच अनुभाव विकल्याचे माझ्या वाचनात नाही.

अभिनवगुप्ताने भयानकाचे उदाहरण घेतले ते शाकुंतलाच्या पहिल्या अंकातल्या हरणाचे. दुष्यंताचा रथ मागे लागला आहे, हरीण मान वळवून वळवून मागे पाहत धावते आहे. प्रेक्षकाला तिथे जे जाणवते ते कुणाचे भय? हरणाचे म्हणावे तर ते हरीण खरे नाही. स्वतःचे म्हणावे तर बाण आपल्यावर रोखलेला नाही. अभिनवगुप्त म्हणतो, ते ‘मी भ्यालो’ किंवा ‘तो भ्याला’ असल्या हिशेबांतून सुटलेले नुसते भय असते. स्थळ-काळाच्या दाव्यातून मोकळे झालेले. म्हणूनच ते चाखता येते.

मनोरंजन-उद्यानाने हरणाच्या जागी प्रेक्षकालाच बांधले. छातीवर लोखंडी दांडी आली, खटका बसला, आता तुम्हीच धावायचे. हे भय चाखायचे की भोगायचे? पुष्कळांना ते चाखता येते हे मान्य केले पाहिजे. दांडी घट्ट आहे, दोन मिनिटांत हे संपणार आहे, आणि आपण इथे आपल्या पायांनी आलो आहोत, या तीन गोष्टी मनाच्या तळाशी पक्क्या असल्या की किंकाळीच्या आतूनही हसू फुटते. या तिन्हींतली तिसरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते; वह्यांतल्या मुलांच्या वाट्याला नेमकी तीच आली नव्हती.

आमच्याकडे हे भय जत्रेत मिळे, अजूनही मिळते. परभणीला हजरत तुराबुल हक यांचा उर्स फेब्रुवारीच्या आरंभी सुरू होतो. हिंदू, मुसलमान, बौद्ध, सगळी खेडी तिथे लोटतात, आणि दर्ग्याभोवतीच्या बाजारात पाळण्यांचे सांगाडे दिसू लागले की जिल्ह्यातल्या पोरांचे शाळेतले लक्ष उडते. तिकडे नांदेड जिल्ह्यात खंडोबाच्या माळेगावच्या यात्रेतही तीच कथा. या पाळण्यांचे नट-बोल्ट किती घट्ट असतात हे पाळणेवाल्याला ठाऊक आणि खंडोबाला ठाऊक. जत्रेतले सगळे सुरक्षित आणि शहरातले सगळे धोक्याचे, असले गोड चित्र काढण्याचा माझा हेतू नाही. उलट, यंत्राच्या दृष्टीने शहरातले उद्यान पुष्कळ बरे असावे.

पण जत्रेची रचना, कलाकृती म्हणून, वेगळी होती. हाताने फिरवायच्या चार पाळण्यांच्या लाकडी रहाटाला फिरवणारा माणूस खालीच उभा असे. त्याचा एक कान वरच्या रडण्याकडे असे, कारण पोर फारच रडू लागले तर आई भांडायला येई. ‘बस, उतरव’ म्हटले की रहाट थांबे. मोठ्या विजेच्या पाळण्यातही तुमचे आणि खटकेवाल्याचे डोळे दर फेरीला एकदा भेटतात. आणि दुसरी गोष्ट पैशाची. प्रत्येक भयाची किंमत वेगळी आणि ते ते भय घेण्याआधी मोजायची. त्यामुळे पोराने ऐनवेळी ‘मला नाही बसायचं’ म्हटले तर बापाचे नुकसान होत नसे, उलट फायदाच. त्या पैशांच्या रेवड्या येत. नकाराला जत्रेच्या व्यवहारातच जागा होती.

‘मौत का कुआँ’ हा जत्रेतला खेळ तर मला अभिनवगुप्ताच्या कसोटीला पुरा उतरलेला वाटतो. फळ्यांच्या त्या उभ्या विहिरीच्या काठावर आपण उभे. आत मोटारसायकल भिंतीवरून गरगरत वर येते, काठाच्या वीतभर खालून जाते, फळ्या पायांखाली थरथरतात. कुणी हातात नोट धरून पुढे करतो आणि स्वार हँडल सोडून ती उचलतो. भय खरे आहे, कारण तो माणूस खरोखर मरू शकतो. तरी ते आपले नाही. हरीण आत, आपण काठावर. त्या स्वाराच्या पोटाचा विचार मनात आला की रसभंग होतो हे खरे. पण तो दोष रचनेचा नाही, आपल्या समाजाचा आहे, आणि त्यासाठी वेगळा लेख लागेल.

पैशाचा हा मुद्दा क्षुल्लक वाटेल, म्हणून प्रेमचंदांची ‘ईदगाह’ पुढे ठेवतो. १९३३ साली प्रसिद्ध झालेली ही कथा आपल्याकडच्या शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या वाचली गेली आहे. हमीदजवळ तीन पैसे. बरोबरची पोरे लाकडी उंटघोड्यांच्या चरखीवर बसतात, हमीद दूर उभा राहतो. घटकाभराच्या गरगरण्यासाठी आपल्या खजिन्याचा तिसरा हिस्सा द्यायला तो तयार नाही. पुढे त्याच पैशांचा चिमटा येतो आणि आजीच्या डोळ्यांत पाणी येते. सगळी कथा त्या एका नकारावर उभी आहे. दारातच एकरकमी पैसे घेणाऱ्या उद्यानात हमीदची गोष्ट घडूच शकत नाही. तिथे चरखी आधीच विकत घेतलेली असते. न बसणारा पोर मितव्ययी ठरत नाही, घरच्यांचे नुकसान करणारा ठरतो.

मुल्कराज आनंद यांची ‘द लॉस्ट चाइल्ड’ ही १९३४ सालची कथा तर या विषयाचा गाभाच आहे. वसंतातल्या जत्रेला आईबापांबरोबर निघालेले एक मूल. वाटेत त्याला खेळणी हवीशी वाटतात, मिठाई, फुलांची माळ, फुगे हवेसे वाटतात. नाही म्हणतील हे ठाऊक असल्यामुळे ते गप्प बसते. शेवटी फिरत्या पाळण्यापुढे मात्र त्याला राहवत नाही. मला यात बसायचे आहे, असे ते धीर करून म्हणते आणि वळून पाहते तो आईबाप नाहीत. पुढे एक भला माणूस त्याला उचलून घेतो आणि जे जे हवे होते ते सगळे देऊ करतो. मूल एकही घेत नाही. त्याला आई हवी आणि बाप हवा. आनंद यांनी इथे एकही राक्षस आणलेला नाही. पाळणा तोच, रंग तेच, गाणे तेच; फक्त मागचा हात गेला, आणि हव्याशा वाटणाऱ्या सगळ्या वस्तू क्षणात भयाचे विभाव झाल्या. माझ्या विद्यार्थिनीच्या वहीतले न थांबणारे गाणे याच कथेतून आल्यासारखे वाटते. तिने ती वाचलेली नव्हती.

आनंद यांच्या कथेत मूल पाळणा मागते आणि आईबाप देत नाहीत. आजच्या उद्यानात आईबाप पाळणा देतात आणि मूल नको म्हणते. ‘पैसे भरलेत’ हे वाक्य ज्या मुलीने लिहिले तिचा बाप दुष्ट असेल असे मला वाटत नाही. तो बहुधा वर्षाकाठी एकदाच असा खर्च करू शकणारा माणूस असेल. सोयाबीनचे पैसे हातात आले, पोरांना एकदा मुंबई दाखवू म्हणाला असेल. दारातल्या तिकिटाने त्याला दिवसभराचा वसुली कारकून करून टाकला. जितकी भये जास्त तितका दर स्वस्त पडतो, हा हिशेब तो मनात करीत राहिला आणि मुलीचा हात कठड्यावरून सोडवीत राहिला. तिच्या लक्षात घसरगुंडी राहिली नाही, कठड्यावरून सुटणारी बोटे राहिली.

एकेकाळी परदेशातही हे असे नव्हते. कॅलिफोर्नियातले डिस्नेलँड १९५५ साली उघडले. तिथे पुढे बरीच वर्षे खेळांची तिकिटे पुस्तिकेतून मिळत, त्यांची प्रतवारी ‘ए’पासून पुढे ‘ई’पर्यंत गेली, आणि सर्वांत थरारक खेळाला ‘ई’ तिकीट लागे. १९८२ साली ही पुस्तिका बंद झाली आणि दारात एकदाच पैसे घेण्याची रीत पक्की झाली. आपल्याकडे दिल्लीचे अप्पूघर १९८४ साली, मुंबईच्या गोराईचे एस्सेलवर्ल्ड १९८९ साली उघडले. अप्पूघर २००८ साली बंद पडले. खोपोलीजवळचे इमॅजिका २०१३ सालचे. मध्यमवर्गाच्या दोन पिढ्यांचे बालपण या कमानींखालून गेले. पण त्यावर मराठीत एखादी लक्षात राहणारी कथा दाखवा म्हटले तर मी अडतो. आपल्या कथाकादंबऱ्यांत जत्रा किती आली! उद्यान अजून आलेले नाही. आम्हा लिहिणाऱ्यांना ते ‘खोटे’ वाटते, आणि खोट्याविषयी काय लिहायचे असा आमचा समज.

माक्सिम गॉर्कीला तसे वाटले नाही. १९०६ साली तो अमेरिकेला गेला असता न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडवर गेला आणि पुढच्या वर्षी त्याचा लेख प्रसिद्ध झाला. विषय भयाचा, पण लेखाच्या नावात शब्द आहे तो कंटाळ्याचा. तिथे ‘नरक’ नावाचा एक खेळ होता. कागदाच्या लगद्याचा, गडद तांबड्या रंगाने रंगवलेला, ज्वाळाही कागदाच्या. एक पोरगी नवी टोपी घालून आरशात पाहते एवढ्या पापासाठी सैतानाचे चाकर तिला उचलून खड्ड्यात ढकलतात. शेवटी तारेवरून देवदूत उतरतो. गॉर्कीचा राग खोटेपणावर नव्हता. दमलेल्या कामकऱ्यांना सुटीच्या दिवशीही भीती आणि उपदेशच विकला जातो, आणि तो ते थंड डोळ्यांनी घेतात, यावर होता. त्याचे निरीक्षण तंतोतंत पटते: वाईट रचलेल्या भयाचा परिणाम भय नसतो, कंटाळा असतो. रांगेत दोन तास उभी राहिलेली माणसे पाहिली की त्याची आठवण होते.

गॉर्कीच्या लेखाला इतिहासाने जोडलेली पुरवणी मात्र कंटाळवाणी नाही. त्याच कोनी आयलंडवर ‘ड्रीमलँड’ नावाचे अफाट उद्यान होते, १९०४ साली उघडलेले. २७ मे १९११च्या उत्तररात्री, हंगामाच्या तोंडावर, तिथल्या एका खेळाची गळती कामगार डांबराने बुजवीत होते. दिवे फुटले, अंधार झाला, डांबर पेटले आणि सकाळपर्यंत अख्खे उद्यान राख झाले. ज्या खेळात आग लागली त्याचे नाव ‘हेल गेट’, म्हणजे नरकद्वार.

कागदाच्या नरकाला कागद म्हणून ओळखता येणे हीच या कलेची अट आहे. ती अट मोडते तेव्हा काय होते, याचे मी वाचलेले सर्वांत विदारक उदाहरण अमेरिकेतल्या न्यू जर्सीचे आहे. ११ मे १९८४ रोजी तिथल्या एका मोठ्या उद्यानातला भूतबंगला पेटला आणि आठ किशोरवयीन मुले आत गेली. वाचलेल्यांपैकी काहींनी सांगितले, की धूर दिसला तेव्हा तो खेळाचाच भाग असावा असे वाटले. जो भूतबंगला खोट्या धुराने भिववतो तो खऱ्या धुराची भाषा आधीच खर्चून बसलेला असतो.

हे मला पुस्तकांतून कळण्याआधी हाताला कळले होते. शाळेच्या सहलीबरोबर मी एका शहराजवळच्या उद्यानात गेलो होतो. नाव सांगून उपयोग नाही. तिथल्या भूतबंगल्यात आमची बारा-पंधरा मुले आणि मी शिरलो. परीक्षण करायचे तर तो प्रयोग अगदीच सुमार होता. सांगाड्याच्या खांद्यातून तार लोंबत होती. एका वळणावर मुखवटा कपाळावर सरकवून एक नोकर डबा खात बसला होता, तेव्हा आमच्या एका पोराने मागच्यांना मोठ्याने वर्दी दिली, “थांबा रे, भूत जेवायलंय.” त्या बिचाऱ्याने तोंडातला घास सांभाळीत आम्हाला हाताने पुढे जा म्हणून खुणावले. आणि मग वीज गेली. आवाज बंद, तांबडे दिवे बंद. मुले खुशीत ओरडली. पहिल्यांदाच त्यांना पैसे वसूल झाल्यासारखे वाटले. भिंत चाचपीत मी पुढे गेलो तो एक दार लागले. मोबाइलच्या उजेडात वर अक्षरे दिसली, ‘आपत्कालीन मार्ग’, आणि कडीला कुलूप होते. चांगले भरीव, जड कुलूप. मागे मुले हसत होती, मी ते हातात धरून उभा होतो. चारपाच मिनिटांत वीज आली, घुबड पुन्हा घुत्कारू लागले आणि आम्ही रांगेने बाहेर पडलो. मुलांच्या मते त्या दिवसातला तो सर्वांत चांगला खेळ. बाहेर येऊन मी कुलपाबद्दल विचारले तेव्हा तिथला मुकादम म्हणाला, “सर, उघडं ठेवलं तर लोक फुकट शिरतात.”

२५ मे २०२४ रोजी राजकोटच्या टीआरपी गेम झोनला आग लागली. उन्हाळ्याच्या सुटीतला शनिवार, नव्व्याण्णव रुपयांच्या सवलतीच्या तिकिटाने झालेली गर्दी, आत वेल्डिंगचे काम चालू, अग्निशमनाचा दाखला नाही. सत्तावीस माणसे गेली, त्यांत लहान मुले होती. त्याआधी १४ जुलै २०१९ रोजी अहमदाबादच्या कांकरियाला झोक्याचा अजस्र पाळणा तुटून दोघे गेले होते. अशा बातम्या आल्या की चौकशी होते, चार दिवस सगळीकडची कुलपे उघडी राहतात. टीकाकाराचे काम चौकशी समितीचे नव्हे. पण नाटकाच्या परीक्षणात आपण नेपथ्यावर दोन ओळी लिहितो. इथे बाहेर पडण्याचे दार हा नेपथ्याचाच भाग, किंबहुना सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. धारपांची कादंबरी रात्री असह्य झाली तर वाचक ती मिटून उशाखाली सारतो. मिटता येते म्हणूनच तो ती पुन्हा उघडतो.

डिस्नेलँडच्या पहिल्या दिवसाची, १७ जुलै १९५५ची, आठवण आजही निघते ती कशी, ते या संदर्भात पाहण्यासारखे आहे. बनावट आमंत्रणांनी गर्दी वाढलेली. उन्हाने नवे डांबर मऊ पडून बायकांच्या बुटांच्या टाचा रुतत होत्या. नळ जोडणाऱ्या कामगारांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याचे नळ अपुरे. सत्तर वर्षांत तिथे किती राजवाडे आणि किती चाचे बांधले गेले. पहिल्या दिवसाच्या हकिकतीत उरली ती तहान, आणि डांबरात अडकलेली टाच. आमच्या नववीच्या वह्यांत आणि या हकिकतीत जातकुळीचा फरक नाही.

आणि तो पाळण्यात वर थांबलेला मुलगा. ‘द थर्ड मॅन’ या १९४९च्या चित्रपटात व्हिएन्नाच्या प्रचंड पाळण्यातून एक बदमाश खालच्या माणसांकडे पाहतो आणि त्याला ती नुसते ठिपके वाटतात. एखादा ठिपका थांबला तर आपले काय जाते, असा त्याचा सवाल असतो. आमच्या मुलाने त्याच उंचीवरून उलट पाहिले. शेकडो ठिपक्यांतून त्याने एक ओळखला, तो आपला बाप आहे हे पाहिले, आणि त्या ठिपक्याचे तोंड दुसरीकडे होते. निबंधात यापुढे एकही वाक्य नाही. परिच्छेद बदलून तो जेवणाविषयी लिहू लागतो. मोठमोठ्या कथालेखकांना कुठे थांबावे हे कळत नाही, त्याला कळले. दहापैकी साडेआठ गुण दिले आणि तो परिच्छेद वर्गात वाचून दाखवला नाही.

परभणीच्या उर्सात अलीकडे भूतबंगलाही येऊ लागला आहे. ताडपत्रीचा तंबू, बाहेर रंगवलेली कवटी, कर्ण्यातून किंचाळ्या. तिकीट माणशी वेगळे. आतली भुते शहरातल्यापेक्षाही सुमार आहेत. मात्र तंबूच्या कडेला, रांगेपासून थोडी दूर, ताडपत्री जिथे शिवलेली नाही तिथे एक म्हातारी बाई पोत्यावर बसलेली असते. आतून रडण्याचा आवाज जवळ आला की ती न बघताच ताडपत्रीचे टोक उचलून धरते, आणि अर्ध्यातून पळालेले पोर तिच्या हाताखालून उजेडात येते.